तुळया वखारीत देऊ नका!

श्टुटगार्ट, जर्मनी

ती. आई-बाबा,

आई, कांदा-लसूण चटणी नीट पोचली, पण बरण्या ठेवायला जागा कुठाय? म्हणून यांनी मांडणी करायला घेतली, तीही फुकटच्या लाकडाची. कंपनीत माल उतरला की लाकडी पॅलेट उरतात. युरो पॅलेटला हात लावायचा नाही, ते आपल्या गॅस सिलिंडरसारखे अदलाबदलीत फिरतात. एकदाच वापरायचे असतात, ते मात्र विचारून खुशाल न्यावेत.

त्यांवर शिक्का असतो. 'एचटी' म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर निदान ३० मिनिटं तापवलंय, कीड मेली. 'एमबी' म्हणजे मिथिल ब्रोमाइडची धुरी. ते घरात नको. शिवाय देशाची दोन अक्षरं. यांना नेमका भारताचा 'आयएन' सापडला! "आपल्या शिरोलीच्या फाउंड्रीतलं कास्टिंग यावरूनच आलं," असं जाहीरच करून टाकलं. शिक्क्यावर गावाचं नाव नसतं, हे सांगून काही उपयोग झाला नाही. पॅलेटला हळदी-कुंकू लावायचं तेवढं राहिलं.

खिळे मात्र नाद खुळा! आटे पाडलेले, उपसायला गेलं की फळीच चिरते. मग फळी आणि ठोकळ्याच्या फटीत हॅकसॉचं पातं घालून खिळाच कापायचा. तेही रविवारी नाही. रविवारी इथं ठोकाठोक चालत नाही. शनिवारी खालच्या आजी जिना चढून आल्या. मी माफीची वाक्यं जुळवत होते, तर त्या म्हणाल्या, "मलाही एक करून द्या." तेव्हापासून हे कानावर पेन्सिल लावूनच जेवायला बसतात.

मांडणी झाली झकास. पण पाइनच ते, नखानं रेघ उठते.

आता मुद्द्याचं. भाऊजी म्हणाले, माळा उतरवताय, सागवानी तुळया वखारीत देऊन प्लायवूडचं कपाट आणताय. बाबा, २०१९च्या पुरात शुक्रवार पेठेत आत्यांचं कपाट कसं फुगलं होतं, आठवा. सागवानात तेल असतं, वाळवी सहजी शिरत नाही. आणि इतकी वर्षं मुरलेलं लाकूड आता वाकायचं नाही. त्याच तुळया चिरून फडताळ करून घ्या. सुताराला सांगा, आधी सगळे खिळे काढ, मगच रंधा लाव, नाहीतर पातं जाईल.

वखारवाल्याकडून इसार घेतला असेल, तर आजच परत करा.

तुमची,
सूनबाई