मामांचा फ्लॅश

जांब समर्थमध्ये लग्नाचे फोटो काढणं इतर गावांपेक्षा अवघड. रोल संपणं, सेल उतरणं, ऐन वेळी वीज जाणं, ही कटकट सगळीकडचीच. आमच्याकडे तीत नवरदेवाची भर पडते. १६०८ साली रामनवमीला याच गावात ठोसरांच्या घरी नारायण जन्मला. बाराव्या वर्षी त्याला बोहल्यावर उभं केलं, आणि मंगलाष्टकांतलं ‘सावधान’ कानावर पडताच तो जो निसटला तो नाशिकजवळच्या टाकळीला पोचला. पुढं तोच समर्थ रामदास झाला, अशी परंपरा सांगते. त्यामुळे आजही भटजींनी ‘सावधान’ म्हटलं की मांडवातले दोन-चार टगे नवरदेवाच्या पायांकडे बघतात. नवरदेव पळत नाही. पण पळालाच, तर तो फोटो दुसऱ्याच्या रोलवर जाऊ नये म्हणून माझे मामा त्या क्षणी श्वास रोखून उभे असायचे.

मामांनी कुंभार पिंपळगाव, घनसावंगी, अंबड या पट्ट्यात भरपूर लग्नं केली. म्हणजे लोकांची. कॅमेरा पेंटॅक्स के-१०००, डोक्यावर विव्हिटार २८३. या फ्लॅशचा गाइड नंबर फुटांच्या हिशेबात १२०. म्हणजे १०० आयएसओचा रोल आणि एफ-८ चं छिद्र असलं की पंधरा फुटांवरची मावशी नथीसकट उजळणार. चार पेन्सिल सेल घातले की त्याची बारीक शिट्टी सुरू व्हायची, चढत चढत जायची आणि मग मागचा दिवा लागायचा. ती शिट्टी ऐकून बायका पदर सारखे करायच्या.

फ्लॅशच्या पाठीला एक छोटं बटण होतं. ते दाबलं की कॅमेऱ्याला न विचारता फ्लॅश नुसताच उडतो. ती सोय खरं तर तपासणीसाठी, पण मामांचा अर्धा धंदा त्या बटणावर चालला. रोलमध्ये छत्तीस फोटो आणि मांडवात रुसायला तयार असलेले सोयरे शे-दीडशे. ‘आमचा एक काढा की हो’ म्हणत मंडळी ओळीत उभी राहिली की मामा गंभीर चेहऱ्यानं कॅमेरा डोळ्याला लावायचे, ‘जरा हसा’ म्हणायचे आणि बटण दाबायचे. याला ते कोरडा फ्लॅश म्हणत. सोयरे तृप्त, रोल शाबूत. अल्बम आल्यावर कुणी स्वतःला शोधू लागलंच, तर दोष लॅबवाल्याचा. लॅबवाले आमच्या भागात फार सोशिक.

आता माझी भाची पुण्याला शिकते. तिच्या पिढीला रोलच्या कॅमेऱ्याचं वेड लागलंय. ज्या गोष्टीपासून आम्ही सुटलो तिला ही मुलं ‘अनुभव’ म्हणतात. तिनं एक जुना कॅनन ईओएस ६५० घेतला. हा १९८७ चा, कॅननच्या ईओएस घराण्यातला पहिला ऑटोफोकस कॅमेरा. चुलतभावाच्या लग्नाचे फोटो त्याच्यावर काढायचे म्हणून ती गावी आली आणि मामांच्या ट्रंकेतून, डांबराच्या गोळ्यांच्या वासासकट, २८३ उचलून मला म्हणाली, “मामा, हा याच्यावर बसतोय!”

बसतो. तीच तर भानगड आहे. बूड तेच, खाच तीच, त्यामुळे माणसाला वाटतं की जमलं. पण जुन्या कॅमेऱ्यात शटर उघडताना फ्लॅश उडवायला धातूच्या दोन पट्ट्या एकमेकींना चिकटत, आणि फ्लॅशकडून त्यांच्यावर कितीही व्होल्ट आले तरी फरक पडत नसे. ऑटोफोकसच्या जमान्यात तिथं नाजूक इलेक्ट्रॉनिक स्विच आला. कॅननच्या हिशेबात अशा कॅमेऱ्यानं सोसायचे व्होल्ट फक्त ६. निकॉननं मात्र आपले कॅमेरे अडीचशेपर्यंत तगतील असे ठेवले. मिनोल्टानं १९८८ पासून खाचच बदलली, म्हणजे प्रश्न मुळातच मिटला आणि लोकांचे जुने फ्लॅश अडगळीत गेले. तिन्हींत मला निकॉनचा स्वभाव आवडला. घरात जुनं माणूस असतं हे त्यांनी गृहीत धरलं.

फ्लॅशचे व्होल्ट मोजून घ्यायला आम्ही जालन्याला एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्या काकांकडे गेलो. त्यांनी फ्लॅश चालू केला, दिवा लागल्यावर बुडाला मीटर लावला. आकडा दोनशेच्या पुढं गेला. काका म्हणाले, “हे माझ्याकडं कशाला आणलं? वायरमनला दाखवा.” २८३ वर्षानुवर्षं निघत राहिला, आणि नंतरच्या काही नगांचा आकडा दहाच्या आत भरतो. नाव तेच, रूप तेच. मामांचा मात्र सुरुवातीच्या जपानी पिढीतला, कडक.

“हात खिशात ठेवा,” असं बजावून काकांनी स्क्रू काढले. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट साठतात. तो त्यांनी आधी रेझिस्टर लावून रिकामा केला. मग ड्रॉवरमधून सहा पायांचा एक काळा किडा काढला. याला ऑप्टो-कपलर म्हणतात. एका बाजूला बारीक एलईडी, दुसऱ्या बाजूला प्रकाश पडताच वाट मोकळी करणारा स्विच. दोघांमध्ये तारेचा संबंध नाही. मला एकदम अंतरपाट आठवला: अलीकडे एक, पलीकडे दुसरा, स्पर्श नाही, पण इशारा पोचतो. कॅमेऱ्याच्या बाजूला तीन व्होल्टांचा बटण-सेल; त्याची धन बाजू एलईडीमार्गे मधल्या ठिपक्याकडे, कारण हे नवे कॅमेरे उलटी दिशा चालवून घेत नाहीत. फ्लॅशच्या बाजूला मामांचे दोनशे व्होल्ट जसेच्या तसे. कॅमेऱ्याला पलीकडं कोण उभं आहे याचा पत्ताच नाही.

काकांनी आणखी एक काम करायला लावलं. वर्षानुवर्षं पडून राहिलेला कपॅसिटर एकदम कामाला जुंपायचा नाही. सेल घालून फ्लॅश बराच वेळ नुसता चालू ठेवायचा, अधूनमधून उडवायचा. दुकानात चहा प्यायला आलेल्या प्रत्येकाचा असा फोटो निघाला. सगळे कोरडे.

लग्नात कळलं की भांडण मिटलं म्हणजे संसार झाला असं नाही. ईओएससाठीच बनवलेले फ्लॅश अंधारात आधी लाल प्रकाश टाकतात आणि त्यावर कॅमेरा फोकस साधतो. २८३ जन्मला तेव्हा ऑटोफोकस बाजारात नव्हता. त्याला कुठली ही रीत? मांडवाच्या अंधारात लेन्स पुढं-मागं घुरघुरत राहायची, आणि फोकस लागेपर्यंत हा कॅमेरा बटण दाबू देत नाही. सोयरे हसू धरून उभे, गाल दुखायला लागलेले. दुसरा वांधा असा की याचा फोकस बरोबर मधोमध. वधूवर दोन बाजूंना, मध्ये मागचा बॅनर. फोटोत वधूवर धूसर, आमदारसाहेब मिशीच्या केसासकट स्पष्ट.

डोक्यावर फ्लॅश आहे हेही कॅमेऱ्याला कळत नाही. म्हणून सगळं हातानं लावायचं. शटर १/१२५; त्याहून वेगवान ठेवलं तर फोटोचा एक भाग काळा आणि त्यात कोण जाईल ते नशिबावर. छिद्र फ्लॅशच्या तबकडीवर सांगितल्याप्रमाणे. प्रकाश पुरे झाला की २८३ च्या कपाळावरचा डोळा तो स्वतःच तोडतो. हे काम तो आजही चोख करतो. दुपारपर्यंत भाचीनं फोकसही हातावर घेतला. म्हणजे ऑटोफोकस कॅमेरा, दोनशे व्होल्ट आणि जालन्याची खेप एवढं करून आम्ही मामांच्या के-१००० पाशी येऊन पोचलो. फोटो मात्र झकास आले.

तेव्हा तुमच्याही माळ्यावर जुना फ्लॅश सापडला आणि तो ऑटोफोकस कॅमेऱ्यावर ‘बसतोय’ असं दिसलं, तर थांबा. फ्लॅश चालू करा, दिवा लागू द्या, मीटरचं एक टोक बुडाच्या मधल्या ठिपक्याला आणि दुसरं बाजूच्या पट्टीला लावा. आकडा ६ च्या आत असेल तर खुशाल बसवा. वर असेल तर जाणकाराकडं न्या, आणि स्क्रू स्वतः काढू नका. सेल काढून ठेवले तरी आतला कपॅसिटर भरलेला राहतो.