एकटीनं जायचंय, कोण कोण येतंय?

आमच्या गुरुकुंज मोझरीत माणसानं एकट्यानं करायची गोष्ट एकच, ती म्हणजे दातदुखी. बाकी सगळं सामुदायिक. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली इथं आश्रम उभा केला. इथं सकाळी सामुदायिक ध्यान, संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना. गावानं मिळूनमिसळून कसं राहावं ते सांगायला ग्रामगीतेचे ४१ अध्याय आहेत. याचा परिणाम असा की गावात कुणी एकटं दिसलं की लोकांना काळजी वाटते. शाळा सुटल्यावर मी नुसती लिंबाखाली जरा टेकले, तर तिघांनी थांबून विचारलं, "काय झालं मॅडम, चक्कर आली काय?" चौथा विचारत बसला नाही, त्यानं थेट आमच्या घरी फोन लावला.

अशा गावात, रिटायरमेंट तोंडावर आलेली असताना, माझ्या हाती ऑड्री सदरलँड लागली. सिएटलच्या भाचीनं येताना बदाम, चॉकलेट आणि एक पुस्तक आणलं होतं, 'पॅडलिंग नॉर्थ'. बदाम आणि चॉकलेट वाटून झाली. पुस्तक कुणी मागितलं नाही.

ही बाई हवाईची. नवऱ्याशी काडीमोड झाल्यावर चार पोरं एकटीनं वाढवली, नोकरी केली. १९८० साली, म्हणजे साठी दारात येऊन ठेपलेली असताना, तिनं साहेबाकडे रजा मागितली. कशासाठी? तर अलास्काच्या किनाऱ्यानं एकटीनं होडी वल्हवत जायचंय. साहेब नाही म्हणाला. बाईनं राजीनामा दिला. एवढं वाचून मी पुस्तक मिटलं आणि मनातल्या मनात माझ्या जी.पी.एफ.चा हिशेब करून पाहिला. मग पुन्हा उघडलं.

होडी तरी कशी? हवा भरायची, नऊएक फुटांची, घडी करून विमानात सामान म्हणून टाकता येईल अशी. ती फुगवून केचिकनहून निघाली ती स्कॅगवेपर्यंत, साधारण ८५० मैल. त्या किनाऱ्यावर वस्ती म्हणजे मैलोन् मैल काही नाही. बेटं, जंगल आणि धुकं. केचिकनला वर्षाकाठी साडेतीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आमच्या कोरडवाहू वऱ्हाडात हा आकडा मोठ्यानं वाचला की ऐकणारा आधी सुस्कारा सोडतो. आमचे हे संत्र्याचे बागाईतदार. ते म्हणाले, "एवढ्या पान्यात झाडाले डिंक्या होते."

अलास्कातल्या अस्वलांचं मात्र घरात कुणाला फारसं वाटलं नाही. अस्वल आपल्या मेळघाटातही आहे. पण भरती-ओहोटीचं समजावून सांगताना मला घाम फुटला. त्या किनाऱ्यावर भरती आणि ओहोटी यांच्यात कधी कधी वीस फुटांचा फरक पडतो. तंबू चुकीच्या जागी ठोकला की मध्यरात्री अंथरुणासकट माणूस पाण्यात. मोझरीत रात्रीतून पाणी चढतं ते फक्त मोटर बंद करायची राहिली तर, तेही टाकीत. आणि तिकडचं समुद्राचं पाणी असं गार की ऐन उन्हाळ्यातसुद्धा होडी उलटली तर काही मिनिटांत हात वळत नाहीत. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत कूलरपुढं बसून हे वाचताना मला भीती वाटायला हवी होती. खरं सांगते, हेवा वाटला.

तरी सदरलँडबाई रडतखडत गेली असं समजू नका. किनाऱ्यावर चूल मांडून खेकडे आणि शिंपले शिजवायची, तब्येतीत जेवायची, सोबत वाइनसुद्धा. पुस्तकात मधे मधे पाककृती दिल्यात. एकदा जाऊन बाई थांबली नाही, पुढं वीसेक उन्हाळे त्याच उत्तरेच्या पाण्यात जात राहिली. २०१५ मध्ये गेली, चौऱ्याण्णव वर्षांची होऊन.

मी हे सगळं घरात रसाळपणे सांगितलं. ह्यांनी सुपारी कातरत ऐकून घेतलं आणि निकाल दिला, "गेली न् वापस आली, त्यात काय? न येती तं पुस्तक कोन लिवलं असतं?"

मी म्हटलं, "अहो, महाराजसुद्धा तरुणपणी चिमूरकडच्या जंगलात एकटेच हिंडले होते की!"

"त्याईनं वापस येऊन लोकं गोळा केले," हे म्हणाले. "तू काय गोळा करशीन? शिंपले?"

आता मी इरेला पेटले. भाचीकडून आणखी माहिती मागवली, रात्री मोबाइलवर वाचत बसले. कयाक ही मुळात ग्रीनलंड आणि त्या टापूतल्या शिकाऱ्यांची होडी. तिथं झाड नाही, म्हणून वाहून आलेली लाकडं आणि हाडं यांचा सांगाडा, त्यावर सीलचं कातडं. ज्याची होडी त्याच्या मापाची: लांबी त्याच्या हातांच्या मापानं, बसायची जागा त्याच्या कमरेच्या. म्हणजे कयाक ही होडी नव्हेच, तो ब्लाउज. एकीचा दुसरीला होणार नाही, आणि दिवाळीनंतर तिचा तिलाही होणार नाही.

जर्मनीच्या फ्रेया हॉफमाइस्टरबाईनं २००९ मध्ये अख्ख्या ऑस्ट्रेलियाला होडीतून प्रदक्षिणा घातली, ३३२ दिवसांत. तिथला उत्तर किनारा म्हणजे निर्मनुष्य, आणि माणूस नाही तिथं खाऱ्या पाण्यातल्या मगरी. कार्पेंटेरियाचं आखात आलं तेव्हा काठाकाठानं वळसा घालायचा सोडून बाई सरळ मधून गेली. आठेक दिवस जमीन नाही. झोप होडीतच. त्या प्रदक्षिणेत एका शार्कनं होडीला चावून पाहिलं. आमच्याकडे प्रदक्षिणा म्हटलं की चप्पल कुठं ठेवायची एवढीच चिंता असते.

पोलंडचे अलेक्झांडर डोबा तर कयाकमधून तीनदा अटलांटिक ओलांडून गेले. तिसऱ्यांदा २०१७ साली, सत्तरीत. खाऱ्या पाण्यानं कपडे अंगाला असे काचायचे की समुद्रात ते बहुतेक वेळ कपड्यांशिवायच असत. ही माहिती मी स्टाफरूममध्ये सांगितली. गणिताचे सर बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, मग पासपोर्ट कुठं ठेवत असतीन?"

आपल्यातलं कुणी आहे का, हाही प्रश्न आलाच. आहे. मुंबईचा कौस्तुभ खाडे. आय.आय.टी.त शिकलेला पोरगा, आधी मुंबई ते गोवा कयाकनं गेला आणि मग २०१५-१६ मध्ये द्वारकेहून निघून थेट कन्याकुमारी, तीनेक हजार किलोमीटर. एकट्यानं. त्याची जोडीदार शांजली शाही किनाऱ्याकिनाऱ्यानं सायकलवर, सामानसुमान घेऊन. इथं ह्यांनी मला पकडलं. "मंग तो एकटा कसा?"

"समुद्रात एकटाच ना!"

"अन् थे पोरगी रस्त्यानं एकटी. ट्रकांतून. तिचं नाव पयले घेत जा."

वाद घालताना हा माणूस अधूनमधून बरोबर बोलतो, हीच संसारातली मोठी अडचण.

पण द्वारका हे नाव निघालं आणि मला हुरूप आला. कारण वऱ्हाडाचा आणि समुद्राचा संबंधच मुळी द्वारकेमुळं. आमच्या तिवसा तालुक्यातलं वर्धेकाठचं कौंडण्यपूर हे रुक्मिणीचं माहेर. म्हणजे आमचा जावई समुद्रकाठचा. आणि रुक्मिणीनं काय केलं? घरच्यांनी ठरवलेलं स्थळ मोडून स्वतः पत्र धाडलं आणि रथात बसून निघून गेली. तालुक्यातली ही पहिली बाई, जिनं निघताना कुणाला विचारलं नाही. कौंडण्यपुराहून पंढरीला तिची पालखी जाते, चारशेहून जास्त वर्षांची परंपरा आहे म्हणतात. त्या पालखीबरोबर मात्र अर्थातच सगळे मिळून चालतात.

तसं पाहिलं तर समुद्राची सगळी सामग्री जिल्ह्यात आहे, समुद्र तेवढा नाही. खारं पाणी म्हणाल तर दर्यापूर-भातकुलीकडचा अख्खा खारपाणपट्टा. सागर म्हणाल तर मोर्शीजवळ सिंभोऱ्याचं अप्पर वर्धा धरण, त्याचं नावच नल-दमयंती सागर. आणि वाट? पूर्णेचं पाणी तापीला मिळून अरबी समुद्रात जातं, वर्धेचं पाणी वैनगंगा, प्राणहिता, गोदावरी असं करत बंगालच्या उपसागरात. म्हणजे जिल्ह्यातल्या माणसाला कोणत्या समुद्रात बुडायचं याची निवड आहे. मी वर्धा निवडली; जवळ पडते. सदरलँडबाईला मात्र इथं एक सांभाळावं लागलं असतं. नदीचा हा काठ अमरावती जिल्हा, तो काठ वर्धा जिल्हा, आणि तिथं १९७४ पासून दारूबंदी. वाइनची बाटली घेऊन निघालेल्या बाईनं होडी सगळा वेळ उजव्याच काठाला धरून न्यायची.

तर मी जाहीर केलं, येत्या रविवारी कौंडण्यपूरला जाणार, एकटी. डोंग्यात बसून तासभर नदीत राहणार, गप्प. कयाक नाही तर नाही.

घरात शांतता पसरली. मग मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, "जातच हायेस तं रुक्मिनीचं दर्शन मलेई करून आन. म्हंजे मी येतोच." शेजारच्या काकूंचा नवस राहिला होता. काकू येणार तर त्यांचा गुडघा येणार, गुडघा येणार तर धरायला सून, सून येणार तर तिची दोन पोट्टी. एवढी माणसं बसनं कशी जाणार, म्हणून काळी-पिवळी सांगितली. गाडी सांगितलीच आहे तर रिकामी कशाला न्यायची, म्हणून ह्यांचे दोन मित्र. आणि नदीवर जायचं, हिवाळ्याचे दिवस, वांगी आलेली, म्हटल्यावर रोडगे आलेच. शनिवारी रात्री आमच्या ओट्यावर गोवऱ्यांचं पोतं, कणकेचा डबा आणि एक भलं मोठं गंज येऊन बसलं. मी भाचीला कळवलं, एकटीच्या मोहिमेची तयारी पूर्ण. तिनं विचारलं, सपोर्ट टीम आहे का? मी म्हटलं, चौदा जण.

खरं तर गावात एकांत मिळतो, नाही असं नाही. वर्षातून एकदा. आश्विन वद्य पंचमीला महाराजांची पुण्यतिथी असते. दुपारी बरोबर ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन श्रद्धांजली होते. १९६८ साली महाराज गेले ती वेळ. माणसांचा महापूर लोटलेला असतो आणि त्या घटकेला सगळं थांबतं. खंजिरी नाही, भोंगा नाही, लेकरूसुद्धा रडत नाही. त्या वेळी बाजूला कोण उभं आहे याचंही भान राहत नाही. एवढ्या माणसांत असं एकटं होता येतं, आणि घरच्या न्हाणीघरात येत नाही, तिथं दारावर थाप पडून "गिझर बंद केला काय?" असं विचारलं जातं.

कौंडण्यपूरला दर्शन झालं, चूल पेटली, वांगी चिरायला बसली मंडळी. मी हळूच घाटाकडे सटकले. डोंगेवाला विडी ओढत बसला होता. मी म्हटलं, "दादा, तासभर फिरवता का? मी एकटीच आहे."

त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "एकट्या मानसाले डोंगा नाई निंघत, बाई. हालते. वजन पाह्यजे. आनखी दोघीतिघी आना."

म्हणजे डोंगासुद्धा सामुदायिक.

वजन आणायला लांब जावं लागलं नाही. जाऊबाई माझ्या मागंच येऊन उभ्या होत्या, काकूंची सून त्यांच्या मागं. काकू गुडघा घेऊन काठावर बसल्या आणि तिथून सूचना देऊ लागल्या. आम्ही तिघी बसलो. डोंगा हलला तशी जाऊबाईंनी माझा दंड असा धरला की दुसऱ्या दिवशीपर्यंत चार बोटं उमटलेली होती. "अवं माय, पाय ओले झाले!" मग मधल्या धारेत आल्यावर डोंगा सरळ झाला, बोटं जरा सैल पडली. सून आधी मोबाइल काढून बसली होती. रेंज गेली तसा तो तिनं ब्लाउजात खोचला.

"थे बाई एवढे दिवस काय करे वं एकटी?" जाऊबाईंनी विचारलं. "थे हवेच्या डोंग्याची."

मी सांगत गेले. वल्हवायचं, पाऊस आला की ओल्यातच जेवण करायचं, गरम पाण्याचा झरा दिसला की त्यात डुंबायचं. कुणी हाक मारायचं नाही, कुणाला वाढायचं नाही.

"स्वैपाक आपल्यापुरताच?"

"आपल्यापुरताच."

जाऊबाई गप्प झाल्या. चाळीस वर्षं त्या घरात निदान बारा माणसांची कणीक मळत आल्या आहेत. जरा वेळानं त्या डोंगेवाल्याकडे वळल्या. "काऊन भाऊ, हे पानी इथून कोठवर जाते?"

"पुलगावाकून जाते, बाई. मंग खाली चंद्रपूरकडं. मंग जाते म्हन्ते समुद्रात. मी कोठी गेलो!"

"किती दिवस लागतीन?"

"कोनाले मालूम. मधी धरनं हायेत."

"धरनाजवळ उतरून चालत जाऊ," जाऊबाई म्हणाल्या. सुनेनं माझ्याकडे पाहिलं, मी सुनेकडे.

तेवढ्यात काठावरून ह्यांचा आवाज आला. हातात चिमटा, डोक्याला टॉवेल बांधलेला. "या वं! रोडगे काढले! थंडे होऊन रायले!" त्यांच्या पाठोपाठ दोन्ही मित्र, पोट्टी आणि काकू, सगळ्यांनी मिळून हाका मारायला सुरुवात केली, एका सुरात, आमच्या गावच्या सवयीनं.

डोंगेवाल्यानं वल्हं उलटं घातलं. "चाला बाई, बलावून रायले."

जाऊबाईंनी पदर डोक्यावरून नीट ओढून घेतला आणि पाठ काठाकडे केली. "ऐकू नाई आलं म्हना," त्या म्हणाल्या. "मार वल्हं."