कशात उघडायचं?

राजारामपुरीतल्या आमच्या गल्लीत कुणाकडे नवा कॉम्प्युटर आला की आधी पेढे येतात आणि मग बापू येतात. पेढे एखाद्या वेळी चुकतात, बापू चुकत नाहीत. दारात चप्पल काढता काढताच त्यांचा पहिला प्रश्न असतो, "पीडीएफ कशात उघडतासा?"

घरधनी गोंधळतो. त्यानं आजवर पीडीएफवर डबल क्लिक केलेलं असतं, ती उघडलेली असते. कशात उघडली, याची चौकशी त्याच्या घराण्यात कुणी केलेली नसते.

"उघडती की, बापू."

"उघडती खरं, पण कुणाच्या तालमीत?" असं म्हणून बापू खुर्चीचा ताबा घेतात. चहा ठेवावा लागणार हे स्वयंपाकघरात आपोआप कळतं.

बापू एका सहकारी बँकेच्या रेकॉर्ड रूममधून निवृत्त झाले. कर्जाची फाइल कुठल्या कपाटात आणि ठेवीची कुठल्या, हे सगळी नोकरी त्यांनीच ठरवलं. कागद चुकीच्या कपाटात गेला तर तो हरवला असं बाकीचे म्हणायचे. बापू म्हणायचे, फितूर झाला. निवृत्तीच्या दिवशी कपाटं बँकेत राहिली आणि नजर घरी आली. घरात लावण्यासारखं सगळं चार दिवसांत लावून झालं. मग त्यांना कॉम्प्युटर सापडला, आणि त्यात लोकांच्या फाइली वाटेल तिथं उघडताना दिसल्या.

त्यांचं तत्त्वज्ञान कोल्हापुरात कुणालाही पटेल असं आहे. "पैलवान गंगावेशीचा का मोतीबागेचा का शाहूपुरीचा, हे आदी ठरतंय, मग त्यो मैदानात उतरतोय. फाइलीचं बी तसंच." फाइलीच्या नावात शेवटच्या टिंबानंतर जी अक्षरं असतात, त्यांवरून ती कुठली हे कळतं. डॉसच्या जमान्यात तिथं तीनच अक्षरं मावायची, म्हणून डॉक, जेपीजी, टीएक्सटी. विंडोज आपल्या वहीत बघतं, या अक्षरांसमोर कुठला प्रोग्रॅम लिहिलाय, आणि फाइल त्याच्या हवाली करतं. फाइलीच्या पोटात काय आहे ते उघडून बघण्याच्या भानगडीत ते पडत नाही. शिवाय ही अक्षरं विंडोज मुळातच झाकून ठेवतं. त्यामुळे बापू खुर्चीत बसले की आधी 'व्ह्यू'मध्ये जाऊन ती उघडी करतात. "तालीम लपवून कुस्ती लावतासा व्हय?"

मग वाटप सुरू होतं. गाणी आणि सिनेमे व्हीएलसीला. तो नारिंगी शंकू पॅरिसच्या कॉलेजातल्या पोरांनी काढलाय, हे ते प्रत्येक घरी सांगतात. फोटो इरफानव्ह्यूला. हा प्रोग्रॅम इरफान श्किल्यान नावाच्या बोस्नियाच्या माणसानं व्हिएन्नात शिकत असताना लिहिला आणि १९९६ साली लोकांपुढे ठेवला. बापू त्याला 'इरफानभाई' म्हणतात. त्यामुळे "साखरपुड्याचे फोटो इरफानभाईकडं दिल्यात" असं ऐकून एका वहिनींनी आल्बम कधी मिळणार म्हणून विचारलं होतं.

सीएसव्हीच्या बाबतीत मात्र बापूंचा आवाज चढतो. ही फाइल एक्सेलमध्ये डबल क्लिकनं उघडली की खाते क्रमांकाच्या सुरुवातीची शून्यं गायब होतात आणि लांबलचक आकड्याच्या पोटात मधेच 'ई' उगवतो. "शून्याला किंमत न्हाई म्हणणाऱ्यानं बँकेत येऊन दावावं!" म्हणून गल्लीतल्या सगळ्या सीएसव्ही नोटपॅडमध्ये उघडतात. एकाही घरात सीएसव्ही फाइल नाही, हा भाग वेगळा.

त्यांना हसणारे होते, पण एका ई-आधारनं त्यांची तोंडं बंद केली. शेजारच्यांनी आधारची पीडीएफ ब्राउझरमध्ये उघडून छापली, तर सहीच्या जागी प्रश्नचिन्ह. कचेरीतनं कागद परत आला. बापूंनी तीच फाइल अ‍ॅडोबी रीडरमध्ये उघडली, सहीवर राइट क्लिक केलं, प्रमाणपत्रावर विश्वास ठेवायला लावला आणि प्रश्नचिन्हाची हिरवी टिक करून दाखवली. डिजिटल सही तपासायचं काम ब्राउझर सहसा करतच नाही. तीच फाइल, तीच सही; उघडली कशात, एवढाच फरक. त्या दिवशी बापू गल्लीतनं दंड थोपटल्यासारखे चालले.

कंपन्यांवर त्यांचा राग आहे. पीडीएफ अ‍ॅडोबीनं १९९३ मध्ये आणली. २००८ मध्ये ती आंतरराष्ट्रीय मानक झाली, म्हणजे उघडायला सगळ्यांना रान मोकळं. मग जो तो प्रोग्रॅम घरात शिरताना "पीडीएफ आजपासनं माझ्याकडं" म्हणू लागला. २०१५ मध्ये विंडोज १० आलं आणि त्यानं पीडीएफ परस्पर ब्राउझरच्या दावणीला बांधली. "न इचारता! मालक कोण, आमी का ती?" २०२१ च्या ऑक्टोबरात विंडोज ११ आलं. त्यात ब्राउझर बदलायचा तर एचटीएम वेगळं, एचटीएमएल वेगळं, एचटीटीपी वेगळं, असं एकेक बदलायला लागायचं. सगळं जग बोंबललं. बापू एकटे खूश होते. एकेक कप्पा हातानं लावायचा, याला ते काम म्हणतात. पुढच्या वर्षी कंपनीनं एकाच बटणात सोय केली, तेव्हा त्यांनी दोन दिवस कॉम्प्युटरला हात लावला नाही.

अनोळखी फाइल उघडताना विंडोज दोन बटणं पुढे करतं : 'ऑलवेज' आणि 'जस्ट वन्स'. दुसरं बटण बापूंनी कधी दाबलेलं कुणी पाहिलेलं नाही. "एकदाच म्हंजे काय? ही काय जत्रंतली कुस्ती हाय?" त्यांचं सगळंच ऑलवेज. मिसळीच्या हॉटेलातही टेबलावरच्या सगळ्यांचा कट जादा, पाव दोन-दोन, हे ते परस्पर सांगून मोकळे होतात.

गेल्या महिन्यात आमच्या वरच्या मजल्यावर, इंजिनिअरिंगला असलेल्या पोराच्या नव्या लॅपटॉपवर त्यांचं वाटप चालू होतं. कंपनीचा उद्धार झाला, 'न इचारता' हा शब्द तिसऱ्यांदा आला, आणि पोरगं शांतपणे म्हणालं, "बापू, खरं तुमी तरी मला कुटं इचारलासा?"

खोलीतला पंखा सोडून सगळं थांबलं. मी बापूंकडे बघितलं. माणूस न्यायाचा. त्यांनी माउसवरचा हात काढला, चष्मा पुसला, परत लावला.

"बरोबर हाय तुजं. लॅपटॉप तुजा. सांग, फोटू कशात उघडायचा?"

पोरानं इरफानभाई सोडून भलतंच नाव घेतलं. बापूंनी एक शब्द काढला नाही. यादीतनं तेच नाव शोधलं, त्यावर क्लिक केलं, आणि पहिल्यांदाच उजवीकडं सरकून 'जस्ट वन्स' दाबलं.