जावई यायच्या आधीच

आमच्या आणि अक्कांच्या कंपाउंडच्या मधोमध कढीपत्त्याचं झाड आहे. ते कुणाच्या हद्दीत, हा वाद हुबळीच्या नवनगरात घरं बांधली तेव्हापासूनचा. पानं तोडायला मात्र दोघीही सकाळी सातला हजर. काल अक्का डोळे चोळतच आल्या.

"झोप नाही झाली वाटतं?"

"कसली झोप! नातवानं रात्री सिनेमा लावून दिला. म्हणाला, आजी, यात रजनीकांतचा जावई आहे, चक्क इंग्रजीत."

"जावई कुठला आता, अक्का? २०२२ च्या जानेवारीतच धनुषनं आणि रजनीकांतच्या मुलीनं वेगळं झाल्याचं जाहीर केलं."

"ते त्यांचं त्यांच्यापाशी. आपल्याला जावई तो जावईच."

सिनेमा कुठला ते मला लगेच कळलं. नेटफ्लिक्सवरचा 'द ग्रे मॅन', जुलै २०२२ चा. वीस कोटी डॉलर खर्च, म्हणजे तेव्हाच्या भावानं सोळाशे कोटी रुपये! मी तो आला तेव्हाच बघितला होता. त्यातलं आठवतं काय म्हणाल, तर मोठमोठ्या अक्षरांत पडदाभर येणारी गावांची नावं. हिरोचं नाव रायन गॉसलिंग, हेसुद्धा मुलाला विचारून सांगतेय.

"गोष्ट काय होती मग?" मी मुद्दामच विचारलं.

"गोष्ट? एक मारणारा. त्याला मारायला सगळे निघालेत. तो सगळ्यांना मारतो. दमला की गाव बदलतं. मी मेथी निवडत बसले होते, एक जुडी होईस्तोवर तीन देश झाले."

"आणि थांबवलात किती वेळा?"

"पाच-सहादा असेल. कुकर उतरवला, लेकीचा फोन आला, विरजण लावायचं राहिलं होतं. परत येऊन बघावं तर तो आपला हवेत लटकलेला. बिचारा! अण्णावरूंना असं थांबवायची कुणाची छाती होती गं?"

अण्णावरू म्हणजे डॉ. राजकुमार. हे नाव निघालं की अक्कांची दुधाची पिशवी कट्ट्यावर जाते आणि माझा चहा राहतो. 'बंगारद मनुष्य' आला १९७२ मध्ये, तेव्हा अक्का धारवाडात शाळकरी होत्या. बेंगळुरात तो दोन वर्षं चालला. तो बघून शहरातली पोरं नोकऱ्या सोडून शेती करायला गावी परतली, असं इकडे अजून सांगतात. अक्कांना तिकीट न मिळाल्यामुळे दोनदा हात हलवत परत यावं लागलं, तिसऱ्यांदा मिळालं ते अगदी पडद्याखालचं. "मान आखडली चार दिवस," हे त्या आजही मानेला हात लावून सांगतात.

माझी गोष्ट कोल्हापूरची. १९९१, 'माहेरची साडी'. माझं नवंनवं लग्न झालेलं. आईनं वाड्यातल्या बायका गोळा केल्या, घराला कुलूप घातलं, आणि आम्ही अकराजणी अलका कुबलसाठी रडायला गेलो. पदर ओले, रुमाल ओले. इंटरव्हलला चहावालासुद्धा हळू आवाजात "चाय" म्हणत होता. तिथे कुणाला विरजण आठवलं नाही.

मग मी अक्कांना एक भानगड सांगितली. सिनेमा किती चालला हे ठरवायला आपण पंचवीस आठवडे मोजायचो. दादा कोंडक्यांचं नाव गिनीजमध्ये गेलं ते लागोपाठ नऊ रौप्यमहोत्सवांवर. हे नेटफ्लिक्सवाले २०२० मध्ये कसं मोजायचे ठाऊक आहे? दोन मिनिटं बघितलं की धरलं एक घर. 'एक्स्ट्रॅक्शन' नावाचा असाच मारामारीचा सिनेमा, गोष्ट ढाक्याची आणि शूटिंग बरंचसं अहमदाबादला. तो पहिल्या चार आठवड्यांत नऊ कोटी नव्वद लाख घरांत बघितला गेला, असा हिशेब त्यांनी दिला होता.

"दोन मिनिटं?" अक्का हसता हसता खोकल्या. "अगं, अप्सरा टॉकीजमध्ये दोन मिनिटांत आपली खुर्चीसुद्धा सापडत नसे!"

आता निघाव्यात म्हणून मी गेटकडे बघितलं, तर समोरच्या रस्त्यावरून हुबळी-धारवाडची चिगरी बस गेली. झालं, अक्कांना नवा धागा मिळाला. रजनीकांत मूळचे शिवाजीराव गायकवाड, आपले मराठी, बेंगळुरात बस कंडक्टर. यशचे वडील बस ड्रायव्हर. "आणि आपल्या चिगरीत कंडक्टरच नाही, तिकीट स्टेशनवर घ्यायचं. मग हिरो निघायचा कुठून?"

"यशचं ठीक चाललंय की, अक्का. 'केजीएफ'चा दुसरा भाग काय चालला!"

"हौदु. पण नातू काय म्हणतो? रॉकी भाई, सिनेमातलं नाव. यश म्हणतच नाही. आम्ही अण्णावरूंना त्यांच्या नावानं बघायला जायचो. मग ते राजा होवोत नाहीतर शेतकरी."

हे मला पटलं, पण पटलं असं अक्कांना सांगायचं नसतं. नाहीतर व्ही. शांतारामांची गोष्ट सुरू होते. ते पोरवयात आपल्या हुबळीतच होते, रेल्वे वर्कशॉपमध्ये काम आणि पत्र्याच्या शेडमधल्या सिनेमात दारावर. "दारावरचं पोरगं काय बघणार? आत जाणाऱ्यांची तोंडं. म्हणून तर पुढे प्रभात कंपनी झाली." अक्कांच्या या संशोधनाला पुरावा विचारायची हिंमत अख्ख्या कॉलनीत नाही.

तेवढ्यात भाजीचा गाडा आला. काट्याच्या वर अप्पूचा, म्हणजे पुनीत राजकुमारचा फोटो. २९ ऑक्टोबर २०२१ ला तो गेला, तेव्हापासून रोज त्याला ताजं फूल असतं. त्याच वर्षीचा त्याचा 'युवरत्न' १ एप्रिलला टॉकीजला लागला आणि कोरोनाच्या त्या दिवसांत ९ तारखेला प्राइमवर आलासुद्धा. म्हणजे तोही आठवड्यात घरातल्या पडद्यावर आलाच होता. पण लहानपणी 'बेट्टद हूवु'त काम केलेलं हे पोर इथल्या लोकांनी टॉकीजमध्ये मोठं होताना बघितलेलं. गाड्यावर रायन गॉसलिंगचा फोटो कोण लावणार? भाजीवाल्याला विचारलं असतं तर तो ही कुठली परदेशी भाजी म्हणाला असता.

"ते राहू दे," मी कोथिंबीर निवडता निवडता विचारलं, "जावयानं काम कसं केलंय?"

अक्का जरा ओशाळल्या. "तो कुठे आला? गाव कुठलंसं, ट्रामवर मारामारी चालली होती बघ. तिथेच डोळा लागला."

ते गाव प्राग. धनुष येतो त्या ट्रामनंतर.