धायरी वाण

हवामानबदलाशी जुळवून घ्यायला अवर्षणप्रवण भागातल्या अल्पभूधारकाला मदत व्हावी म्हणून राज्याने 2018 साली जागतिक बँकेच्या साहाय्याने नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प सुरू केला. ठिबक, शेततळी, कमी पाण्यात तगणारी बियाणी, सगळेच स्तुत्य. पण वाट उगाच लांबची. धायरीने हा प्रश्न केव्हाच निकालात काढला आहे. 2017 साली गाव पुणे महापालिकेत आले. शिवारात बहुमजली पीक तर त्याआधीच डोलू लागले होते. या पिकाला पाऊस लागत नाही, गारपिटीने ते आडवे होत नाही, बोंडअळी त्याला शिवत नाही आणि हमीभावासाठी रास्ता रोको करावा लागत नाही.

कोणी विचारील, पाण्याचे काय? खडकवासला हाकेच्या अंतरावर असून सोसायट्यांत टँकर येतात. म्हणजे हे वाण धरणावरही विसंबून नाही, हे सिद्धच झाले. मग खायचे काय, ही शंका जुनाट आहे. धान्य मोबाइलवर येते. तेव्हा बीड-जालन्यातही हेच वाण द्यावे. अनुदान नको, नकाशावर रिंगरोडची एक रेघ पुरे. अडचण एकच, तीही किरकोळ: टँकर भरायला कोणाची तरी विहीर लागेल. त्या शेतकऱ्याने जमीन विकू नये, एवढा आदेश सरकारने आधी काढावा.