मागच्या शॉकमध्ये हवा भरणाऱ्या साहेबांस

श्रीयुत सेटिंगसाहेब यांस,



पत्रास कारण की, आपण माझ्या भाचीच्या माउंटन बाइकच्या मागच्या शॉकमध्ये हवा भरून दिलीत, त्याबद्दल आपले आभार मानायचे राहून गेले. आपलं वा आपल्या दुकानाचं नाव मी घेत नाही. आपल्यासारखे कारागीर एकाच दुकानात नसतात, म्हणून तर पत्र उघडं लिहिते आहे.

पहिले आभार आपल्या समदृष्टीबद्दल. आपल्या दारात ९० किलोचा गृहस्थ येवो की ५० किलोची मुलगी, आपण वजन विचारून कोणाला संकोचात टाकत नाही. सगळ्यांना २१० पीएसआय. वर ‘कंपनी सेटिंग आहे’ असा आशीर्वाद. कंपनीने भाचीला कधी पाहिलं नाही, साहेब. म्हणूनच तर कंपनी शॉकच्या दांड्यावर एक छोटी रबरी रिंग घालून पाठवते. स्वारानं हेल्मेट, पाण्याची पिशवी, बूट असं सगळं अंगावर चढवून अलगद सायकलवर बसायचं, उतरायचं आणि ती रिंग किती सरकली ते मोजायचं. यालाच सॅग म्हणतात. शॉक जास्तीत जास्त जितका दबतो तो त्याचा स्ट्रोक; ट्रेल सायकलला त्याच्या ३० टक्क्यांच्या आसपास सॅग हवा. भाचीच्या शॉकचा स्ट्रोक ५५ मिलिमीटर, म्हणजे रिंग साधारण १६ मिलिमीटर सरकायला हवी होती. आपल्या कृपेनं ती ८ वर थांबली.

सीट दाबून आपण आम्हाला दाखवलंत, ‘बघा ताई, अजिबात डगडग नाही.’ खरंच नव्हती. दुकानाच्या गुळगुळीत फरशीवर त्या सायकलइतकी समंजस सायकल मी पाहिली नाही.

भाची जिथे सायकल चालवते त्या वेताळ टेकडीवर मात्र फरशी नाही. तिथे काळ्या दगडावर सुटा मुरूम पसरलेला आहे, आणि मुरमावर चाक जमिनीला चिकटून राहिलं तरच ब्रेकला आणि वळणाला अर्थ असतो. मागचं सस्पेन्शन बुडाला आराम मिळावा एवढ्यासाठीच नसतं. उंचवटा आला की चाकानं वर जायचं आणि खड्डा आला की खाली उतरायचं. सॅग ठेवायचा तो या खाली उतरण्यासाठी. भाचीचं चाक प्रत्येक दगडावरून उडत होतं, ब्रेक लावला की आडवं सरकत होतं. ती उतरली आणि सायकल हातानं ढकलत खाली आली. म्हणाली, ‘मावशी, माझ्यात ते नाहीच.’

साहेब, हे वाक्य तिच्या तोंडी आपण घातलंत. हवा जास्त भरली याचा मला राग नाही. हवा काढता येते. पण सोळा-सतरा वर्षांची मुलगी यंत्रातला दोष स्वतःच्या अंगाला लावून घेते आणि तिला कोणी सांगत नाही की पोरी, ही सायकल तुझ्यासाठी लावलेलीच नाही, याचा मला फार राग आहे. हलक्या वजनाच्या किती मुली आणि किती मुलं अशीच गप्प बसून खेळ सोडत असतील!

रिबाउंडबद्दलही ऋणी आहे. दाबला गेलेला शॉक किती वेगानं परत उघडायचा हे ठरवणारं ते लाल बटण आपण काळजीपूर्वक शेवटपर्यंत बंद करून दिलंत. जितकी जास्त हवा तितका जोराचा उलटा धक्का, म्हणून भारी माणसाला रिबाउंड हळू लागतो. हलक्या माणसाला कमी हवा आणि जास्त मोकळा रिबाउंड. आपण तिला हवा भारी माणसाची दिलीत आणि रिबाउंड कोणाचाच नाही. आपल्या सह्याद्रीतल्या दगडी पायऱ्या एकापाठोपाठ येतात. पहिल्या पायरीला दबलेला शॉक दुसरीपर्यंत उघडलाच नाही, तर तिसरीला त्याच्याकडे द्यायला काही उरत नाही.

‘पेडल मारताना डुलायला नको’ या आपल्या काळजीची तर कदर करावी तेवढी थोडी. या एका तक्रारीवर हुशार माणसांनी आयुष्यं घातली आहेत. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या रीपॅकच्या उतारावर शर्यती सुरू झाल्या तेव्हा जाड टायरच्या जुन्या जड सायकली होत्या, मागे शॉक नसलेल्या. मागच्या ब्रेकमधलं ग्रीस एका उतारात जळायचं आणि प्रत्येक फेरीनंतर नवं भरावं लागायचं, म्हणून त्या उताराचं नावच रीपॅक. पुढे हॉर्स्ट लाइटनर यांनी मागच्या चाकाच्या आसापुढे एक सांधा बसवला, ब्रेक दाबला असतानाही चाक मोकळं हलावं म्हणून. साखळीच्या ओढीनं सायकल डुलू नये यासाठी सांध्यांच्या जागा मिलिमीटरांनी इकडेतिकडे करून पाहिल्या गेल्या. त्या साऱ्या खटाटोपातून भाचीच्या मागच्या चाकाला १५० मिलिमीटरची हालचाल मिळाली. आपण ती पंपाच्या चार दट्ट्यांत परत घेतलीत.

आमच्या ओळखीच्या एका ९० किलोच्या गृहस्थांचीही आपण सेवा केलीत. उडी मारल्यावर त्यांचा शॉक तळाला आपटायचा. सॅग बरोबर होता, सुरुवातीची मऊ चाल छान होती, फक्त शेवट कमी पडत होता. अशा वेळी हवेच्या कप्प्यात एक प्लास्टिकचा स्पेसर घालतात. कप्पा लहान होतो, सुरुवात जवळजवळ तशीच राहते आणि शेवटच्या टप्प्यात शॉक झपाट्यानं कडक होत जातो. आपण हवाच वाढवलीत. आता तळ लागत नाही; छोट्या दगडांवरची मऊ चालही गेली.

शॉक पंपाची फुस्स ऐकून आपला जीव वरखाली होतो, हेही मी पाहिलं आहे. पंप काढताना जी हवा सुटते ती नळीतली. आणि पंप लावताना काटा थोडा खाली दिसतो, कारण शॉकमधली हवा नळीत शिरते. तो काटा पाहून आपण दर भेटीत ‘थोडी टाकतो’ म्हणता. आपल्या या थोडीथोडीनंच हवा वाढत जाते.

पावसाळ्यानंतर सर्व्हिसला दिली तेव्हा जोराच्या पाण्याच्या फवाऱ्यानं सायकल चकचकीत केलीत, शॉकच्या सीलवरही फवारा धरलात आणि बिलात ‘शॉक सर्व्हिस’ लिहिलंत. दर ५० तासांना कप्पा उघडून जुनं तेल-ग्रीस आणि चिखल काढायचा असतो. आम्ही उघडला तेव्हा आत चिखलच होता.

एक विनंती आहे, आणि ती पाया पडून करते. प्रत्येक सायकलबरोबर एक कागद द्या: स्वाराचं सामानासकट वजन, शॉकमधली हवा, सॅग किती मिलिमीटर, रिबाउंड पूर्ण बंद करून तिथून किती क्लिक उघडा, आत स्पेसर किती. वजन विचारायला पाच सेकंद लागतात. हवा निम्मी भरल्यावर सीट दहाएक वेळा हळूहळू दाबून आतल्या दोन्ही हवेच्या कप्प्यांतला दाब समान होऊ द्या, मग उरलेली भरा. यासाठी कोणी जादा पैसे मागितले तर मी आनंदानं देईन.

भाची आता ११० पीएसआयवर चालवते. त्याच उतारावरून ती आता सायकलवर बसून खाली येते. येत्या शनिवारी ती आपल्याकडे सील बदलायला येईल. सील बदला, रिबाउंड सांभाळणाऱ्या डॅम्परकडे एकदा पाहा. हवा मात्र तिलाच भरू द्या. पंप ती घेऊन येणार आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली,
तिची मावशी