पाव अश्वशक्तीचा घाट

सामूहिक सायकलभ्रमण म्हणजे अनेकांनी एकाच वेळी निघून निरनिराळ्या वेळी, निरनिराळ्या मनःस्थितींत पोहोचण्याचा उपक्रम होय, अशी व्याख्या केल्यास ती पडताळून पाहण्याजोगा नेरळ-माथेरान घाटासारखा दुसरा रस्ता कर्जत तालुक्यात सापडणे कठीण. पहाटे पनवेलहून निघालेला गट चौकमार्गे कर्जतला आणि तेथून नेरळला येईपर्यंत खरोखरच गट असतो. त्यात सर्वांत पुढे वाट दाखवणारा तो 'लीड', सर्वांत मागे रेंगाळणाऱ्यांना गोळा करीत येणारा तो 'स्वीप', आणि मधली मंडळी 'ड्राफ्टिंग' करीत असतात, म्हणजे पुढच्याच्या पाठीआड राहून वाऱ्याचा मार चुकवीत असतात. दुसऱ्याच्या पाठीमागे लपणे हे कौशल्य मानणारे क्षेत्र राजकारणाखेरीज बहुधा हेच.

वाटेतल्या चौक या गावी ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांचा 1850 च्या मे महिन्यात तळ होता आणि तेथूनच ते माथेरानचा डोंगर चढून गेले. चढ त्यांना सोपा वाटला, अशी नोंद आहे. ते पायी होते, हे येथे ध्यानात घ्यावे लागते. कर्जतला गट थांबतो, कारण घाटाची तयारी येथेच करण्याची रीत जुनी आहे. बोरघाटाचा 37 मीटरला 1 मीटर हा चढ चढण्यासाठी पुण्याकडे जाणाऱ्या रेल्वेगाड्यांना कर्जत स्थानकात मागून जादा इंजिने जोडतात, त्यांना 'बँकर' म्हणतात. सायकलस्वार बँकर म्हणून दुसरा वडापाव जोडून घेतो.

नेरळनंतर मात्र गणित बदलते. आदमजी पीरभॉय यांनी उभारलेली आणि 1907 साली सुरू झालेली छोटी रेल्वे हा डोंगर वळणे घेत घेत, सुमारे 20 किलोमीटरच्या मार्गाने चढते, आणि तिचा कमाल चढ 20 मीटरला 1 मीटर इतका ठेवलेला आहे. मोटारींचा रस्ता तीच उंची सात-आठ किलोमीटरांत उरकतो, त्यामुळे त्याचा सरासरी चढच दहा-बारा मीटरला 1 मीटर पडतो. म्हणजे ज्याच्याजवळ इंजिन आहे त्याला सौम्य मार्ग, आणि ज्याच्याजवळ केवळ दोन गुडघे आहेत, त्यातला एक आधीच कुरकुरणारा, त्याला उभा. हा न्याय कोणत्या शास्त्रात बसतो, हे अभ्यासकांनी पाहावे.

या घाटात गटाचे विघटन होते आणि भाषेचेही. 'एकच वळण राहिलंय' या वाक्यातील 'एक' ही संख्या नसून सांत्वनपर अव्यय आहे, हे तिसऱ्या वळणावर समजते. सायकलवरून उतरणे आणि उतरावे लागणे यांत फरक केला जातो. पहिल्यास कारण लागते, आणि कारणांची प्रतवारी ठरलेली असते. 'चेन पडली' हे सर्वांत प्रतिष्ठित, कारण त्यात दोष यंत्राचा; 'फोटो काढतोय' हे मध्यम, विशेषतः समोर सिमेंटचा कठडा असल्यास; आणि 'स्वीपची वाट बघतोय' हे कनिष्ठ, कारण तोवर स्वीप स्वतःच हाताने सायकल ढकलीत शेजारी येऊन उभा राहिलेला असतो. वर जाणाऱ्या टॅक्सीच्या खिडकीतून एखादे मूल 'काका, पोचाल!' म्हणून ओरडते. त्यातला धीर एक वेळ घेता येतो, 'काका' घेता येत नाही.

घाट दस्तुरी नाक्यावर संपतो, आणि पुढे माथेरानात मोटारींना बंदी असल्याने पर्यटकांसाठी घोडे उभे असतात. अश्वशक्ती हे काम करण्याच्या वेगाचे माप असून एक अश्वशक्ती म्हणजे सुमारे 746 वॅट; साधारण तयारीचा हौशी स्वार तासभर 150 ते 200 वॅट टिकवतो, म्हणजे तो फार तर पाव घोडा. सायकलीसह 85 किलो वजन सुमारे 700 मीटर उचलण्यास 150 वॅटच्या हिशेबाने तासाहून थोडा अधिक वेळ लागतो, आणि त्यात फोटो धरलेले नाहीत. अशा पाव घोड्यास नाक्यावरचा पूर्ण घोडा आणि त्याचा मालक ज्या नजरेने न्याहाळतात, तीत व्यवसायापेक्षा करुणाच अधिक असते.

नेरळ स्थानकाबाहेर दस्तुरीपर्यंत टॅक्सी मिळते. ती टपावर सायकल घेते की नाही, हे मात्र घाट लागण्यापूर्वीच विचारून ठेवावे.